फासा दुसऱ्यांदा टाकायचा नाही

येशा,

तुझी वही माझ्याकडे आली आहे. बाराव्याला शेवटची पंगत उठल्यावर शोभा वहिनींनी ती आतून आणली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. आमच्यात कुणाला काय कळायचं न्हाई भावजी, तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे, म्हणाल्या. मला ती नको होती. पण बाराव्याच्या घरात उभं राहून नको कसं म्हणायचं? कॅसलरॉकहून रामनगरला येईपर्यंत बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो आणि माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आल्यावर बिजागऱ्यांच्या खोक्यामागे सरकवून दिली. दोन दिवस तिकडे फिरकलो नाही.

माणूस गेला की त्याच्यावरचा राग विसरायचा असतो, असं सगळे सांगतात. मला जमलं नाही, खोटं कशाला बोलू? तुझ्यावर मी सव्वा वर्ष रागावून होतो आणि तू गेल्याचं कळलं त्या दिवशीही होतो. स्मशानात मी मागे, जांभळीखाली उभा होतो. तुझ्या चुलत्यानं मला पुढे बोलावलं, तरी गेलो नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला खांदा कोणत्या तोंडानं द्यायचा, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

लोक तुझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकलंस तर हसशील. स्टेशनवरचा चहावाला यशवंत, सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अरे, त्यांना काय माहीत! दर रविवारी दुपारची गाडी गेली की टपरीची फळी लावून मागच्या खोलीत तू काय उद्योग करायचास, ते त्यांना कुठे ठाऊक आहे? राजे मारायचास, पूल पाडायचास, आख्ख्या गावाला पटकी लावायचास. आमच्या रामनगरच्या अंगणवाडीतल्या सुमनक्काला तू चोर केलंस आणि तिनंही इतक्या मनापासून चोऱ्या केल्या की तिच्या हाती पोरं सोपवताना मलाच काळजी वाटायची. अणशीच्या तुळशीदासला, जो दिवसभर रानात फिरून थकलेला असायचा, त्याला रविवारी पुन्हा रानातच पाठवायचास, वैदू करून. मी शिलेदार. आणि तू सांगणारा. आम्ही तिघं काय करतो ते बोलायचो, जमलं की फसलं ते फासा ठरवायचा, आणि पुढे काय झालं ते तू सांगायचास. तेरा वर्षं असं चाललं. गावात विचारलं तर पत्ते खेळतात म्हणून सांगायचे.

खेळ आपण बेळगावात डिप्लोमाला असताना शिकलो. तिथून परत येताना बाकीच्यांनी सर्टिफिकेट आणलं, तू तपकिरीची रिकामी डबी आणलीस. तिच्यात एक ते वीस आकडे घातलेल्या चिठ्ठ्या होत्या, कारण वीस बाजूंचा फासा आपल्याला कोण देणार? पुढे तो मीच ऑनलाइन मागवला. कुरिअरवाला कॅसलरॉकला येत नाही म्हणून माझ्या दुकानावर आला. तू खास त्याच्यासाठी रामनगरला आलास, काउंटरवर चार वेळा टाकून बघितलास आणि म्हणालास की चिठ्ठ्यांचा आवाज येत नव्हता, ह्याचा येतोय. एवढ्यावर खूश. तुझ्यासारखा स्वस्तात खूश होणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पण तुझा खरा जीव राजांवर नव्हता, आमच्यावरही नव्हता. तुझा जीव होता येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. वाटेत भेटणारा गाडीवान, नाक्यावरचा शिपाई, धर्मशाळेत भाकरी थापणारी बाई. हॉस्टेलात ह्यांना कुणी नावंसुद्धा देत नसे. तू त्यांच्यासाठी वही केलीस. एका पानाला एक जागा, घाटमाथा, बाजार, नावेचा धक्का. प्रत्येक पानावर वीस ओळी आणि ओळीला चार रकाने. कोण, सवय काय, हवंय काय, भितो कशाला. आम्ही घाटमाथ्यावर पोचलो की तू फासा टाकायचास, आकडा येईल त्या ओळीतला माणूस समोर यायचा. अकरा आले की बोलताना कान चोळणारा गाडीवान. सहा आले की कंदमुळांची पाटी घेऊन बसलेली आणि कधीच काही न विकणारी म्हातारी, तिला नुसतं कुणीतरी शेजारी बसायला हवं असायचं.

ही माणसं तुला कुठून मिळतात ते मला ठाऊक होतं. गाडी थांबली की पाच मिनिटांत तीस कप ओतता ओतता तू डब्यातली तोंडं बघायचास. गाडी सुटली की वहीत काहीतरी खरडायचास. वहिनी वैतागून म्हणायच्या की ह्यांना गिऱ्हाईक दिसतच न्हाई, नुसती माणसं दिसतात.

तुझे नियम मात्र लोखंडी. फाशानं दिलं ते घ्यायचं. फासा दुसऱ्यांदा टाकायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यातला कुणी खेळात मेला तर त्याच्या ओळीवर लाल रेघ मारायची आणि जागा रिकामीच ठेवायची. पुढे कधी तो आकडा आला तर तू म्हणायचास, कोणी आलं नाही, आणि आम्ही मिनिटभर गप्प बसायचो. आणखी एक, चहावाल्याला शोभणारा. भेटलेल्या माणसाला ज्यानं काही खायला-प्यायला दिलं, त्याला शेवटचा रकाना विचारायचा हक्क. नुसतं दरडावून कुणाची भीती कळायची नाही, आधी पोटात काहीतरी घालावं लागायचं.

ह्यावर आपण किती भांडलो असू? मी म्हणायचो, अरे, नाक्यावरच्या शिपायानं फक्त नाका उघडायचा. त्याला काय हवं आणि तो कशाला भितो ह्याच्याशी आपल्याला काय करायचंय? खेळ पुढे सरकत नाही. एकदा तू किटली खाली ठेवून म्हणालास,

"दार उघडणाऱ्याला पण घर असतंय इलास."

आणि दुसरं भांडण फाशाचं. एवढी हौस आहे तर माणूस तूच निवड, फाशावर कशाला सोडतोस, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास की मी निवडाय बसलो तर माझ्या आवडीचीच माणसं येतील, फासा नावडती पण आणतो. मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. ते भांडण आपलं मिटलं नाही, आता मिटणारही नाही. उत्तर द्यायला तू नाहीस म्हणून मी जिंकलो असं होत नाही, एवढं मला कळतं.

आता त्या रविवारचं बोलतो. टाळून काही होणार नाही.

आमचे अप्पा रेल्वेत गँगमन होते, घाटातल्या रुळांवर त्यांनी उभा जन्म काढला. आपण दोघं लहान असताना पावसात भिजून आले की टॉवेलानं डोकं पुसत तुझ्याच वडलांच्या टपरीवर बसायचे. रिटायर झाल्यावर मी त्यांना रामनगरला आणलं. शेवटची दोन वर्षं त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. रोज सकाळी हिरवा टॉवेल खांद्यावर टाकायचे, कॅसलरॉकची बस पकडायचे आणि स्टेशनच्या टोकाला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला टॉवेल दाखवायचे. लाइन किलेर हाय, जाऊ दे, जाऊ दे. पोरं हसायची. डब्यातले लोक मोबाइलवर फोटो काढायचे. मी दुपारी दुकान बंद करून त्यांना आणायला जायचो आणि दंडाला धरून बसकडे ओढत न्यायचो. ते मागे वळून वळून म्हणायचे, येक गाडी ऱ्हायली रं, येक गाडी ऱ्हायली. मी म्हणायचो, गप चला. पुढे पुढे तर मी बाहेरून कडी घालायला लागलो. हे मी आजवर कुणापुढे बोललो नव्हतो. तुला न सांगताच ठाऊक होतं, कारण कडी घातलेल्या दिवशी अप्पा टपरीवर यायचे नाहीत. आले त्या प्रत्येक दिवशी तू त्यांना बशीत चहा ओतून दिलास. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानतो, आणि मानताना दात-ओठ खातोय, हेही समजून घे.

अप्पा गेले त्याला चार वर्षं झाली होती. रविवारी खेळात आम्ही घाटमाथ्यावर पोचलो, तू फासा टाकलास, चौदा आले. तू वहीत बघितलंस आणि क्षणभर थांबलास. मला वाटलं ओळ रिकामी असेल. मग तू सांगायला लागलास की घाटाच्या तोंडाशी एक म्हातारा उभा आहे, हातात हिरवं फडकं, येणाऱ्या प्रत्येक तांड्याला तो वाट मोकळी असल्याची खूण करतोय. आणि आवाज काढलास, जाऊ दे, जाऊ दे. तो आवाज, येशा! तुला आवाज काढता येतात हे मला ठाऊक होतं, पण एवढे? सुमनक्काला कळलं नाही, ती फक्त रविवारी यायची, अप्पांना गाडीला टॉवेल दाखवताना तिनं कधी बघितलं नव्हतं. तिला तो म्हातारा आवडला. तिच्या चोरानं त्याला गुळाचा खडा दिला. मग तुझ्याच नियमानं तिनं विचारलं, हा भितो कशाला?

तू माझ्याकडे बघितलंस. नको वाचूस असं मी म्हणालो नाही. तू खाली बघून वाचलंस,

"मुलगा न्यायला येईल..."

पुढे तू काही बोलत होतास की नव्हतास, मला ऐकू आलं नाही. मी फासा उचलला. माझा शिलेदार म्हाताऱ्यावर तलवार चालवतोय, असं मोठ्यानं म्हणालो आणि टाकला. वीस आले. त्या तेरा वर्षांत हवे तेव्हा कधी न आलेले वीस. तुळशीदास अरे अरे म्हणाला. तू वही बंद करून मला दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर मी तिथंच रडलो असतो आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण तू नियमाचा माणूस. लाल पेनाचं टोपण काढलंस, चौदाव्या ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारलीस आणि म्हणालास, म्हातारा गेला. मी चप्पल घालून बाहेर पडलो. तू मागून हाक मारलीस, एकदाच. इलास. मी वळलो नाही.

बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या हातानं अप्पा दुसऱ्यांदा गेले आणि ह्या वेळेला कुणी बाराव्यालाही येणार नव्हतं.

त्यानंतर सव्वा वर्ष. रामनगर आणि कॅसलरॉक काही काशी-रामेश्वर नाही. मी आलो नाही, तू आला नाहीस. तुळशीदास दुकानात खिळे न्यायला यायचा, तेव्हा सांगायचा की खेळ चाललाय, तिघांतच, आणि माझा शिलेदार एका किल्ल्यात आजारी पडून आहे असं तू सांगितलंयस. मी म्हणायचो, मरू दे त्याला. तुळशीदास म्हणायचा, येशा मारत न्हाई त्याला, आमी इचारलं. तुझ्या छातीचं दुखणं मात्र त्यानं सांगितलं नाही, कारण तू कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतंस. हा तुझा आणखी एक नियम. लोकांची भीती वहीत लिहून ठेवायची आणि स्वतःची सदऱ्याच्या आत.

तर परवा शेवटी वही उघडली. दुपारची वेळ होती, बाजार सुनासुना झालेला, गिऱ्हाईक नव्हतं. पहिल्यांदा घाटमाथ्याचं पान काढलं. चौदावी ओळ. लाल रेघेखालून अक्षरं चांगली दिसतात, तू रेघ मारतोस ती गिरवत नाहीस. कोण, हिरवं फडकं दाखवणारा म्हातारा. सवय, जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडतो. हवं, प्रत्येक गाडी सुखरूप घाट उतरावी. तू खेळात तांडा म्हणायचास, वहीत मात्र गाडी लिहिलंयस. आणि शेवटचा रकाना,

"मुलगा न्यायला येईल, आणि एक गाडी राहून जाईल."

मी काउंटरवर हात टेकून उभा राहिलो. एक माणूस कडी-कोयंडा मागायला आला, त्याला उद्या ये म्हणालो.

येक गाडी ऱ्हायली रं. हे तर ते रोज मला सांगत होते. दंडाला धरून ओढताना, बसच्या पायरीवर, बस सुटल्यावर खिडकीतून. मी ती बडबड समजत होतो. ते मला घाबरत नव्हते येशा. ते ड्युटी अर्धी टाकून जायला घाबरत होते. तू वाक्य लिहिलंस पुरं, आणि मी ऐकलं अर्धं, आणि त्या अर्ध्यावर एक म्हातारा कापला आणि तेरा वर्षांचा मित्र सोडला. तेरा कसली, टॉवेलानं डोकं पुसणाऱ्या अप्पांच्या मांडीवर आपण दोघं बसायचो तेव्हापासूनचा.

आता मला तुझा गळा धरावासा वाटतो. तुला ठाऊक होतं ना, मी अर्धंच ऐकलंय? मग एकदा रामनगरला येऊन ओरडून सांगायचं होतंस. दुकानासमोर उभं राहून, चारचौघांत, इलास, गाढवा, पुढचं ऐक. माझी अब्रू गेली असती तर गेली असती. तेवढं का केलं नाहीस?

त्याचंही उत्तर वहीतच मिळालं. न मिळतं तर बरं झालं असतं.

बाजाराच्या पानावर सतरावी ओळ पूर्वी रिकामी असायची, मला नक्की आठवतं. आता तिथं तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. कोण, घाटाच्या बाजारात कुलपं-बिजागऱ्या विकणारा. सवय, बोलताना हातातलं कुलूप उघडतो आणि लावतो. हवं, कुणीतरी बोलवायला यावं. भीती, आपण अर्धंच ऐकलं असेल.

आणि समासात पेन्सिलीनं बारीक आकडे. नऊ. दोन. वीस. तीन. नऊ. आधी कळेना हे काय. संध्याकाळी सुमनक्काला फोन करून विचारलं. ती म्हणाली की व्हय, खेळ सुरू करायच्या आधी तू एकदा फासा टाकायचास, कुणासाठी ते सांगायचा नाहीस, बघायचास, वहीत मांडायचास, आणि मग चला म्हणायचास. तिला वाटलं देवाचं काहीतरी असेल.

देवाचं कसलं! तू मला बोलवायचं की नाही ते फाशावर सोडलं होतंस. सतरा आले तर बोलवायचं. दर रविवारी एकदा, दुसऱ्यांदा टाकायचा नाही. येशा, अरे, जिवंत माणूस होतो मी! तुझ्या पानावरचा गाडीवान नव्हे. बसचं तिकीट काढलं असतंस तर समोर आलो असतो. मी निवडलं तर आवडीचीच माणसं येतील, हे तुझं तत्त्व माझ्यावर वापरलंस. मग मी कोण होतो, आवडीचा की नावडता? हे तेवढं एकदा सांगून जायला हवं होतं. सव्वा वर्ष मी तुझ्या हाकेची वाट बघितली आणि तू आकड्याची. आपल्या दोघांएवढे मूर्ख सबंध जोयडा तालुक्यात शोधून सापडायचे नाहीत.

आकड्यांच्या शेवटी सतरा आहे. त्याच्याभोवती गोल केलेला, आणि पुढे लिहिलंय, हाक मारली, आला नाही. त्याच्यानंतर एकही आकडा नाही.

तो रविवार मला आठवतो. गणपतीची चवथ आठवड्यावर आली होती, मी माळ्यावरून पायपांची भेंडोळी खाली काढत होतो. फोन वाजला, तुझं नाव दिसलं. मी बघत उभा राहिलो. मनात म्हटलं, आला सरळ. आता दुसऱ्यांदा करू दे, मग उचलतो. लगेच उचलला तर ह्याला वाटेल मी वाटच बघत होतो. फोन वाजून वाजून बंद झाला. दिवे लागेपर्यंत तो मी वरच्या खिशात ठेवला, जेवताना पाटाशेजारी ठेवला. तू पुन्हा केला नाहीस. पुढचे आठ दिवस मी छाती काढून फिरत होतो, की शेवटी नमला.

तू दुसऱ्यांदा करणारच नव्हतास. मला, तुझे नियम तोंडपाठ असलेल्या मला, हे कळायला हवं होतं.

आणि तुझ्या घरात रेंज येत नाही, हेही मला ठाऊक होतं. पाण्याच्या टाकीमागचा चढ चढून वर गेल्याशिवाय कॅसलरॉकहून फोन लागत नाही. काल कॅसलरॉकला जाऊन वहिनींना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, चवथीच्या आधी एका रविवारी तुम्ही त्या चढावर गेला होतात, खाली आलात ते दम लागून ओट्यावरच बसलात, बराच वेळ. कुठं गेला होता म्हणून विचारलं तर म्हणालात, इलासला बोलवाय. मग येतोय न्हवं, असं वहिनींनी विचारलं. तुम्ही म्हणालात, बघू. बघ, वहिनींचं बोलणं लिहिता लिहिता तुला मी अहो-जाहो करायला लागलो. त्यांच्या तोंडून ऐकलं की तू फार मोठा माणूस वाटतोस.

छातीत दुखत असताना तू माझ्यासाठी तो चढ चढलास आणि मी पायपांची भेंडोळी लावत बसलो.

आज रविवार. सकाळीच तुळशीदासचा निरोप आला की सुमनक्का आणि तो टपरीच्या मागे बसणार आहेत, वही घेऊन ये. मी येत नाही म्हणालो आणि दुपारच्या बसनं गेलो. वहिनींनी फळी लावली होती, खोली झाडून ठेवली होती. तुझ्या पाटावर कुणी बसेना, शेवटी सुमनक्का म्हणाली, बस रे बाबा, कुणीतरी सांगायला पायजे. मी बसलो. तुझा आवाज मला काढता येत नाही, कुणाचाच येत नाही, माझी सगळी माणसं माझ्यासारखीच बोलतात. वैदू आणि चोर बाजारात शिरले. मी फासा टाकला, हाताचा आडोसा करून बघितला आणि सतरा म्हणालो.

ओळ वाचली. कुलपं-बिजागऱ्या विकणारा, बोलताना कुलूप उघडतो आणि लावतो. तुळशीदास हसला, ह्येला मी वळकतो म्हणाला. सुमनक्का हसली नाही. तिचा चोर दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्यानं त्या माणसाला स्वतःच्या वाटणीचा चहा दिला. मग तिनं शेवटचा रकाना विचारला. मी वाचला. आणि वहीत नसलेलं एक वाक्य त्या दुकानदाराच्या तोंडून निघून गेलं,

"लई उशीर झाला व्हय गा?"

सुमनक्काला सगळं कळलं होतं. खोटा दिलासा द्यायची तिला सवय नाही, अंगणवाडीतल्या पोरांनाही ती देत नाही.

"झाला की," ती म्हणाली. "बस आता."

मग आम्ही खेळलो, संध्याकाळची गाडी जाईपर्यंत. गाडीची शिट्टी झाली तेव्हा मी खेळ थांबवला आणि बाहेर येऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाला, अप्पा उभे राहायचे तिथं, ती घाटाकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. त्याच्यानंतरच बसला गेलो.

आता तुला एक सांगतो, रागाव हवं तर. फाशावर सतरा नव्हते. चार आले होते. आडोसा असूनही तुळशीदासला ते दिसले, तरी त्यानं चालू दिलं. मी चारचे सतरा केले आणि एका माणसाला आत बोलावलं, आभाळ कोसळलं नाही. एवढं खोटं तूही एकदा बोलायला हवं होतंस, येशा.